विश्वासाची घाऊक खरेदी

व्यापाराच्या भाषेत अलीकडे एक लक्षणीय बदल झाला आहे. पूर्वी कारखानदार जाहिरात देत असे, वृत्तपत्र ती छापत असे आणि वाचक ती वाचत असे किंवा ओलांडून पुढे जात असे. त्यातला व्यवहार उघड होता आणि त्यासाठी नात्यागोत्याची भाषा वापरण्याची कोणाला गरज भासत नव्हती. आता कंपन्यांचे विक्री अधिकारी ‘नाते जोडणे’, ‘नाते जोपासणे’, ‘दीर्घकाळची सोबत’ असे शब्द सहज उच्चारतात. हे नाते जोडायचे असते ते समाजमाध्यमांवर लाखो लोक ज्यांना रोज पाहतात आणि ऐकतात, त्या इन्फ्लुएन्सर मंडळींशी. मराठीत त्यांच्यासाठी ‘प्रभावक’ हा शब्द रूढ होऊ पाहत आहे.

हे प्रभावक कोण असतात? कोणी गृहिणी आपल्या स्वयंपाकघरातून पाककृती दाखवते, कोणी तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी कशी करावी ते सांगतो, कोणी शेतीची अवजारे, कोणी साड्या, कोणी मोबाइल, तर कोणी म्युच्युअल फंड समजावून देतो. त्यांचे बोलणे घरगुती असते, म्हणूनच ते पटते. कंपन्यांना नेमके हेच हवे असते. आपली नाममुद्रा या ओळखीच्या मुखातून उच्चारली जावी, तीही एकदा नव्हे तर वर्षभर, यासाठी त्या पैसे मोजतात, वस्तू भेट देतात, सहली घडवतात आणि करार करतात. करारावर सह्या दोघांच्या असतात. मात्र या व्यवहारात जी वस्तू विकली जाते ती तिसऱ्याच्या मालकीची असते. ती वस्तू म्हणजे पाहणाऱ्याचा विश्वास. कंपनी आणि प्रभावक यांच्या नात्याचा विचार करताना या तिसऱ्या पक्षाला वगळता येणार नाही, आणि आज तोच बहुधा वगळला जात आहे.

जुनी शिफारस

नामवंताने वस्तूची शिफारस करावी यात नवे काहीच नाही. प्राण्यांची चरबी न वापरता बनवलेल्या गोदरेजच्या साबणाला स्वदेशीच्या काळात रवींद्रनाथ ठाकूरांसारख्या महाकवीने आपले नाव दिले होते. मराठी रंगभूमीवरून चित्रपटसृष्टीत गेलेल्या लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. त्यानंतर नटनट्या आणि क्रिकेटपटू यांनी काय काय विकले याची मोजदाद करणे कठीण आहे. तथापि या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. नटी साबण हातात घेऊन उभी आहे ती जाहिरातीत, हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. चौकट निराळी होती, जागा निराळी होती. तिच्या सौंदर्याचे श्रेय साबणाला द्यावे की नाही हे ज्याचे तो ठरवीत असे.

आज ती चौकटच नाहीशी झाली आहे. पाककृती सांगता सांगता मसाल्याच्या पाकिटाचे नाव येते, अभ्यासाच्या वेळापत्रकातच एखाद्या शिकवणीचे ॲप डोकावते, प्रवासवर्णनात हॉटेलची स्तुती मिसळते. यातले कोणते वाक्य अनुभवातून आले आणि कोणते करारातून आले, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

ओळखीच्या माणसाचा शब्द

ओळखीच्या माणसाचा शब्द एवढा प्रभावी का ठरतो, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी दूरचित्रवाणीही घरोघर पोचली नव्हती तेव्हापासून केला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर या शहरात १९४५ साली सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. किराणा, कपडे, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न यांविषयी त्यांची मते कोणामुळे बदलतात, हे पाहायचे होते. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. खरेदीच्या बाबतीत रेडिओ वा वृत्तपत्र यांच्यापेक्षा शेजारणीचा, नात्यातल्या बाईचा सल्ला अधिक परिणामकारक ठरत होता. सल्ला देणारी स्त्री प्रत्येक विषयात निराळी असे, आणि बहुधा ती सल्ला घेणारीच्याच परिस्थितीतली असे. आज कंपन्या लाखोंचे अनुयायी असलेल्या व्यक्तीपेक्षा काही हजारांचे अनुयायी असलेल्या, परंतु ‘आपल्यातल्याच’ वाटणाऱ्या व्यक्ती शोधतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पण शेजारीण आणि पडद्यावरची ओळख यांत एक मूलभूत अंतर आहे. शेजारणीने सांगितलेले तेल खवट निघाले तर दुसऱ्या दिवशी तिला जाब विचारता येतो. वाईट सल्ल्याची किंमत तिला आपल्या पतीतून चुकवावी लागते. पडद्यावरची व्यक्ती आपल्याला ओळखत नाही, आपणच तिला ओळखतो असे आपल्याला वाटते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली दूरचित्रवाणीच्या संदर्भात या एकतर्फी जवळिकीचे विवेचन केले होते. मोबाइलने ही जवळीक तळहातावर आणली, इतकेच.

त्याहून मार्मिक निरीक्षण रॉबर्ट मर्टन यांचे आहे. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी गायिका केट स्मिथ हिने नभोवाणीवरून १८ तास अधूनमधून बोलत राहून लोकांना सरकारी युद्धरोखे घेण्याचे आवाहन केले. त्या एका दिवसात सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची आश्वासने मिळाली. श्रोते असे का वागले, याचा शोध मर्टन यांनी घेतला. त्यांना असे दिसले, की जाहिराती आणि प्रचार यांच्या सततच्या माऱ्याने लोक कोणावरच विश्वास ठेवेनासे झाले होते आणि म्हणूनच जी व्यक्ती मनापासून बोलते आहे असे वाटेल, तिच्या शब्दासाठी ते आसुसलेले होते. खोट्या आत्मीयतेच्या सुकाळात खऱ्या आत्मीयतेचे मोल वाढते, असा याचा अर्थ. आजच्या बाजारपेठेने हे मोल ओळखले आहे. मात्र ते ओळखून तिने त्या आत्मीयतेचीच घाऊक खरेदी सुरू केली आहे.

नात्याची बाजू

दीर्घकाळच्या नात्याचे समर्थन करणारे एक मुद्दा मांडतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, आज या तेलाची, उद्या त्या तेलाची स्तुती करणाऱ्या भाडोत्री तोंडापेक्षा एका वस्तूचा वर्षभर वापर करून तिच्याविषयी बोलणारी व्यक्ती अधिक प्रामाणिक राहू शकते. तिला वस्तूचे गुणदोष कळतात, कंपनीला ती सूचना करू शकते, आणि आपले नाव त्या वस्तूशी जोडले गेल्यामुळे तिला जपून बोलावे लागते. यात तथ्य आहे. परंतु नाते जसे दृढ होते तसा नकार देणे कठीण होते, हेही तितकेच खरे आहे. घरभाडे ज्या करारातून निघते त्या करारातल्या वस्तूत दोष आहे, असे जाहीरपणे सांगणारे किती निघतील? त्यात प्रत्येक प्रभावकाला सवलतीचा स्वतंत्र कोड दिलेला असतो आणि त्या कोडावर झालेल्या प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळत असते. दलालाने दलाली घेण्यात गैर काही नाही. आपण मित्र आहोत असे भासवून ती घेणे गैर आहे.

अमेरिकेतील लॉर्ड अँड टेलर या जुन्या वस्त्रविक्रेत्या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मार्च २०१५ मध्ये या कंपनीने फॅशनविषयी लिहिणाऱ्या ५० जणींना एकच नक्षीदार पोशाख भेट दिला, प्रत्येकीला १,००० ते ४,००० डॉलर दिले आणि ठरावीक दिवशी तो परिधान केलेले छायाचित्र इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध करण्यास सांगितले. कंपनीचे नाव कसे लिहायचे, हे करारात होते. छायाचित्रे आधी कंपनीने तपासली होती. पैसे घेतल्याचा उल्लेख करावा, एवढेच करारात नव्हते. पाहणाऱ्यांना वाटले, की सर्व रसिक स्त्रियांना एकाच वेळी हा पोशाख आवडला. पोशाख हातोहात संपला. पुढे २०१६ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली आणि असे प्रकार न करण्याचे बंधन तिने मान्य केले. ५० स्वतंत्र मते दिसत होती. प्रत्यक्षात मत एकच होते आणि तेही विक्रेत्याचे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. या क्षेत्रात सर्वच धनिक नाहीत. लहान गावातील, इंग्रजीचा आधार नसलेली अनेक तरुण मंडळी केवळ स्वतःच्या भाषेच्या आणि हुन्नराच्या बळावर येथे उभी राहिली आहेत. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते अशा निर्मात्यांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आले, ही त्यांच्या वाढत्या महत्त्वाची शासकीय पावतीच होय. त्यांच्या श्रमाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु ‘नाते’ या गोड शब्दाच्या आड अनेकदा पैशाऐवजी वस्तू हातावर ठेवल्या जातात. चित्रीकरण, संपादन, लेखन यांचे दिवसच्या दिवस खर्ची पडतात आणि बदल्यात शाम्पूच्या बाटल्यांचा खोका येतो. नात्यात हिशेब मागणे अप्रशस्त मानले जाते, आणि याचा लाभ जो बलवान असतो त्यालाच होतो.

गंमत अशी, की आयकर खात्याने या भेटींचे खरे स्वरूप केव्हाच ओळखले आहे. १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार व्यवसायाच्या ओघात वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ दिल्यास त्यावर १० टक्के करकपात करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आली. समाजमाध्यमांवर प्रचारासाठी दिलेली मोटार, मोबाइल, कपडे किंवा सौंदर्यप्रसाधने वापरून परत केली तर तो लाभ नव्हे, ठेवून घेतली तर लाभ होय, असा खुलासाही तेव्हा करण्यात आला. सरकारी तिजोरीच्या लेखी जो मोबदला ठरतो, तो प्रेक्षकापुढे मात्र ‘मला फार आवडले म्हणून सांगते’ या वेषात उभा राहावा, ही विसंगती आहे.

कायद्याची भाषा आणि लोकांची भाषा

या बाबतीत भारतात नियम नाहीत असे नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषद या स्वयंनियामक संस्थेने समाजमाध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ती १४ जून २०२१ पासून लागू झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेच शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाख आणि त्यानंतर ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. शिफारस करणाऱ्यास एक वर्ष आणि पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशी करण्यास बंदीही घालता येते. वस्तूविषयीच्या दाव्यांची त्याने आधी योग्य ती खातरजमा केली असेल तर त्याची सुटका होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने आणखी स्पष्ट सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, भेटवस्तू, सहल, हॉटेलातील मुक्काम, सवलत, यांपैकी काहीही मिळाले असल्यास ते ठळकपणे सांगावे, चित्रफितीत ते दिसावे आणि ऐकूही यावे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत ते सांगावे, असे त्यांत म्हटले आहे.

यातील शेवटची सूचना मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दहा मिनिटे अस्खलित, रसाळ मराठीत बोलायचे आणि मोबदल्याचा उल्लेख मात्र कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत करायचा, याला प्रकटन म्हणता येणार नाही. ‘कोलॅब’ हा शब्द महाविद्यालयीन तरुणाला कळेल. परभणीतील अंगणवाडी सेविकेला किंवा चिपळूणच्या निवृत्त पोस्टमनला त्याचा अर्थ ‘या बाईने या स्तुतीचे पैसे घेतले आहेत’ असा होतो, हे कोण सांगणार? ‘ही जाहिरात आहे’ हे तीन शब्द मराठीत आहेत आणि ते उच्चारायला दोन सेकंदही लागत नाहीत. ते टाळले जातात, कारण ते समजतात.

पैशाच्या व्यवहारांत या संदिग्धतेची झळ सर्वांत तीव्र असते. महिन्याच्या पगारातून चार पैसे शिल्लक टाकणारा कारकून वा शिक्षक जेव्हा पडद्यावरच्या सल्ल्याने शेअरबाजारात उतरतो, तेव्हा त्याचे नुकसान साबणाच्या वडीपुरते मर्यादित राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सेबी’ने शेअरबाजाराचे शिक्षण देण्याच्या नावाखाली नोंदणीविना गुंतवणूक-सल्ला दिल्याच्या एका प्रकरणात सुमारे १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलून दलाली पेढ्या, म्युच्युअल फंड आदी नोंदणीकृत संस्थांना विनानोंदणी सल्ला देणाऱ्यांशी आर्थिक संबंध ठेवण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे या क्षेत्रात हे ‘नाते’च नियमाने तोडावे लागले. स्वयंशिस्त जेथे येत नाही, तेथे शेवटी हेच घडते.

स्तुतीचे नाते आणि टीकेचा हक्क

नाते खरे आहे की विकत घेतलेले, याची कसोटी टीकेच्या वेळी लागते. पॅराशूट खोबरेल तेलाविषयीच्या एका टीकात्मक चित्रफितीविरुद्ध कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायमूर्तींनी ती चित्रफीत काढण्याचा आदेश दिला. ज्यांच्या शब्दाचा लोकांवर प्रभाव पडतो त्यांची जबाबदारीही सामान्य माणसापेक्षा अधिक असते, असा न्यायालयाचा विचार होता. हा वाद पुढे अपिलातही गेला. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेविषयी एका तरुणाने चित्रफीत प्रसिद्ध केली. कंपनीने तिच्यातील विधाने अशास्त्रीय ठरवून कायदेशीर नोटीस पाठवली आणि त्याने ती मागे घेतली. परंतु विषय थांबला नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ई-व्यापार करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून वगळण्यास सांगितले.

टीका करणाऱ्याने पुराव्यानिशी बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. मग स्तुती करणाऱ्याकडूनही पुराव्याची तेवढीच अपेक्षा का नसावी? निराधार टीकेने कंपनीचे नुकसान होते, त्यासाठी तिच्या दिमतीला वकील असतात. निराधार स्तुतीने ज्याचे नुकसान होते त्याच्याजवळ बहुधा पावतीसुद्धा नसते.

या विषयात वृत्तपत्रांनी सोवळेपणाचा आव आणण्याचे कारण नाही. २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याचे आरोप झाले, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली त्याविषयी सविस्तर अहवाल दिला. तेव्हाही पैसे देणारा आणि घेणारा दोघेही समाधानी होते. फसला तो वाचक. त्या प्रकाराने वृत्तपत्रांच्या विश्वासार्हतेला जो तडा गेला तो अद्याप बुजलेला नाही, आणि त्यांच्यावरून उडालेल्या विश्वासाचा काही भाग आज समाजमाध्यमांवरील व्यक्तींकडे गेला आहे. त्यांनीही तीच वाट धरली तर तो विश्वास तेथूनही उडेल.

म्हणून कंपन्यांना खरोखरच नाते जोडायचे असेल तर कराराच्या मसुद्यातच काही गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. मोबदल्याचा उल्लेख प्रेक्षकाच्या भाषेत आणि आरंभीच व्हावा. न पटलेल्या वस्तूची शिफारस नाकारण्याचा आणि आढळलेला दोष सांगण्याचा प्रभावकाचा हक्क अबाधित राहावा. कामाचा मोबदला वस्तूंच्या खोक्यात न मिळता पैशात मिळावा. या अटी कंपन्यांनाही जाचक वाटण्याचे कारण नाही. जो नाही म्हणू शकतो त्याच्याच ‘होय’ला किंमत असते.

आणि ग्राहक? महाराष्ट्राला या प्रश्नाचे एक जुने उत्तर ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून धान्यापासून साबणापर्यंतच्या वस्तू एकत्रितपणे खरेदी करून वाटण्यास आरंभ केला. तेथेही शिफारस होती, नाते होते आणि घाऊक खरेदीही होती. परंतु वस्तू पारखणारा माणूस विक्रेत्याच्या पैशावर अवलंबून नव्हता. तो खरेदी करणाऱ्यांपैकीच एक होता आणि चुकला तर पुढच्या वाटपाच्या दिवशी त्याला शेजाऱ्यांना तोंड द्यायचे होते. ती परंपरा अजून संपलेली नाही. शाळेत, कचेरीत, घरात, पडद्यावरची कोणतीही स्तुती ऐकताना ‘याचे पैसे कोणी दिले?’ असे विचारण्याची सवय लागली, तर तिसऱ्या पक्षालाही या करारात आपली जागा मिळेल. हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. दुकानात वजनकाटा पाहून घेण्यात कोणी कधी उद्धटपणा मानलेला नाही.